एंडोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नांदेड, परभणी, बीड, लातूर, धाराशिव या भागांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक रुग्णांचे नातेवाईक, काही प्राथमिक आरोग्य केंद्रांतले नवे डॉक्टर. प्रश्न त्यांच्याच शब्दांत ठेवलेत, नावं-गावं तेवढी काढली. घाईत असाल तर ४ आणि ५ आधी वाचा, बाकीचं सवडीनं.

१. एंडोकार्डायटिस म्हणजे हार्ट अटॅकच का?

नाही. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी बंद पडते. इथे रक्तात शिरलेले जंतू हृदयाच्या आतल्या अस्तरावर, बहुतेक वेळा झडपेवर, ठाण मांडतात. त्यांच्याभोवती फायब्रिन आणि प्लेटलेट्स जमून एक हलणारी गाठ तयार होते. इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टात तिलाच व्हेजिटेशन म्हणतात. या गाठीत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे पांढऱ्या पेशी आत पोचत नाहीत आणि औषधही कमीच झिरपतं. उपचार आठवडेच्या आठवडे चालतात ते यामुळे.

झडप कुरतडली गेली की गळायला लागते आणि दम लागतो. गाठीचा तुकडा सुटला तर मेंदू, प्लीहा, मूत्रपिंड, पाय, कुठेही जाऊन अडकतो. उपचारच झाले नाहीत तर रुग्ण सहसा वाचत नाही. दाखल होऊन उपचार घेणाऱ्यांतही साधारण पाचातला एक दगावतो.

२. माझ्या भावाला हृदयाचा काहीच त्रास नव्हता. मग त्याला कसा झाला?

चांगल्या झडपेवरही होतो. विशेषतः स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूला आधी खराब झालेली झडप लागत नाही. कातडीवरचं गळू, पिकलेली जखम, हाताला बरेच दिवस ठेवलेली सलाईनची सुई, डायलिसिसचा कॅथेटर, एवढी वाट त्याला पुरते.

तरी जास्त धोका ठरलेल्या लोकांना असतो: कृत्रिम झडप बसवलेले, आधी एकदा हाच आजार होऊन गेलेले, जन्मजात हृदयदोष असलेले, पेसमेकरवाले. आपल्याकडे आणखी एक मोठा गट आहे. लहानपणी घसा दुखून मग सांधे सुजण्याचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक ताप, येऊन झडप आखडलेले तरुण आणि तरुणी. झडप खराब आहे हे त्यांतल्या अनेकांना माहीतच नसतं, बायकांना तर पहिल्या बाळंतपणात दम लागल्यावर कळतं.

३. लक्षणं कोणती? ताप तर सगळ्यातच येतो.

खरं आहे, म्हणून तर हा आजार हुलकावणी देतो. तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे झालेला असेल तर तो हळूहळू वाढतो. संध्याकाळी कणकण, रात्री घाम, भूक मेलेली, वजन उतरलेलं, कंबर आणि सांधे दुखतात, आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं. स्टॅफिलोकोकसचा असेल तर दोन-चार दिवसांत माणूस आडवा होतो.

डॉक्टरांनी बघायच्या खुणा बारीक आहेत. नखाखाली काडी रुतल्यासारख्या तांबड्या-काळपट रेषा, बोटांच्या टोकाला दुखऱ्या गाठी, तळहातावर न दुखणारे लाल डाग, डोळ्याच्या खालच्या पापणीत आत रक्ताचे ठिपके. शेतात राबणाऱ्या माणसाच्या नखाखाली मार लागूनही रेषा येतात, तेव्हा एकट्या रेषेवर निदान करू नका. हृदयात नव्यानं आवाज ऐकू येणं, प्लीहा वाढणं, लघवीत रक्त दिसणं यांना वजन जास्त आहे. तापासोबत अचानक तोंड वाकडं झालं तर प्रश्न १२ पाहा.

४. गावातल्या डॉक्टरांनी विडाल करून टायफॉइड सांगितला. इंजेक्शन चालू असेपर्यंत ताप जातो, बंद केलं की परत येतो. आता तिसऱ्यांदा कोर्स चालू आहे. काय करावं?

तिसरा कोर्स पुढे रेटण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्त खास बाटलीत घालून त्यात जंतू उगवतो का ते पाहण्याची तपासणी, व्हायला हवं.

सलाईनच्या बाटलीसोबत चार-पाच दिवस सेफ्ट्रियाक्सोन द्यायचं ही आपल्याकडची पद्धत आहे. झडपेवर जंतू असतील तर त्या चार-पाच दिवसांत रक्तातले जंतू मरतात, ताप उतरतो, माणूस उठून शेताला जातो. गाठीतले जंतू मात्र तसेच राहतात आणि आठवडाभरात पुन्हा रक्तात येतात. म्हणजे औषधानं ताप गेला याचा अर्थ निदान बरोबर होतं असा नाही. उलट औषध थांबवताच परतणारा ताप, आणि त्यात झडपेचा जुना आजार, ही जोडी दिसली की संशय झडपेवरच घ्यायचा.

विडाल या टायफॉइडच्या रक्ततपासणीवर माझा फारसा भरवसा नाही. टायफॉइडचा भाग असलेल्या आपल्यासारख्या मुलखात धडधाकट माणसातही ती पॉझिटिव्ह येऊ शकते आणि दुसऱ्या तापांतही येते. ब्लड कल्चरचं तसं नाही. टायफॉइड असेल तर त्याचा जंतू याच बाटलीत उगवतो, झडपेचा असेल तर तोही इथेच सापडतो. एकाच तपासणीत दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळत असताना ती टाळून विडाल तीन-तीनदा का करायची, हे मला अजून कळलेलं नाही.

टीबीचंही असंच होतं. वजन उतरलंय, संध्याकाळी ताप येतो, म्हणून बेडका तपासला, काही निघालं नाही, तरी टीबीच्या गोळ्या सुरू. त्यात रिफाम्पिसिन असतं आणि ते स्टॅफिलोकोकससारख्या जंतूंवरही चालतं, त्यामुळे नंतरचं कल्चर बिघडतं. म्हणून टीबीच्या गोळ्या अंदाजानं सुरू करण्याआधी स्टेथोस्कोप छातीला लावून हृदयाचे आवाज नीट ऐकलेच पाहिजेत.

५. ब्लड कल्चर तीनदा का काढतात? एवढं रक्त कशाला?

या आजारात रक्तात जंतू सतत सुटत असतात, पण थोडे. त्यामुळे रक्त कमी घेतलं तर ते निसटतात. मोठ्या माणसात एका बाटलीत ८ ते १० मिली रक्त लागतं. दोन बाटल्यांचा एक संच, असे तीन संच, दर वेळी वेगळ्या जागेवर सुई टोचून. दोन मिली रक्त घालून पाठवलेली बाटली निगेटिव्ह आली तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

तीन संचांचं दुसरं कारण म्हणजे कातडीवरचे जंतू. एकाच बाटलीत स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस उगवला तर तो बहुधा कातडीवरचा असतो. तिन्ही संचांत तोच आला तर, त्यातही कृत्रिम झडप असेल तर, गंभीरपणे घ्यायला हवं.

नव्या डॉक्टरांसाठी थोडं जवळून सांगतो. कातडी स्पिरिटनं आणि मग क्लोरहेक्सिडिन किंवा बीटाडीननं पुसा आणि वाळू द्या. वाळेपर्यंतचा तो मिनिटभर सगळेच घाई करतात. पुसल्यावर बोटानं शीर पुन्हा चाचपू नका. बाटलीचं प्लास्टिकचं टोपण काढल्यावर खालचं रबरही स्पिरिटनं पुसा, ते निर्जंतुक नसतं. आधीपासून लावलेल्या सलाईनच्या सुईतून रक्त ओढू नका. ताप चढायची वाट पाहायची गरज नाही. भरलेली बाटली फ्रिजमध्ये किंवा लसीच्या बर्फाच्या डब्यात ठेवू नका, गारठ्यानं जंतू मरतात. मे महिन्यात उन्हात उभ्या जीपच्या डॅशबोर्डवरही ठेवू नका. खोलीच्या तापमानाला ठेवून त्याच दिवशी, जमेल तितक्या लवकर लॅबला पोचवा.

छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेडचं विष्णुपुरी, लातूर, अंबाजोगाई इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहेत. तालुक्याला सोय नसेल तर रुग्णालाच औषध सुरू करण्याआधी तिकडे पाठवणं बाटली पाठवण्यापेक्षा बरं. अपवाद एकच. रुग्णाचा बीपी पडत असेल, शुद्ध हरपत असेल, तर मिळतील तितक्या बाटल्या काही मिनिटांत भरा आणि अँटिबायोटिक लगेच सुरू करा. अशा वेळी तासभर थांबणंही महागात पडतं.

६. आधीच आठ दिवस अँटिबायोटिक घेऊन झालंय. आता कल्चर करून उपयोग आहे का?

आहे, फक्त जंतू सापडण्याची शक्यता घटते. रुग्ण स्थिर असेल, दम नसेल, तर डॉक्टर कधी कधी औषध काही दिवस थांबवून पुन्हा संच काढतात. हे दाखल करून, देखरेखीखाली. घरच्या घरी औषध बंद करून वाट पाहत बसू नका. कोणतं इंजेक्शन किती दिवस दिलं ती चिठ्ठी, नाहीतर रिकाम्या कुप्या, सोबत आणा. "पांढरं पावडरचं इंजेक्शन" एवढ्यावरून आम्हाला काही उमगत नाही.

७. इको नॉर्मल आलीय. म्हणजे हा आजार नाही ना?

तसं म्हणता येत नाही. छातीवरून केलेल्या इकोत नैसर्गिक झडपेवरच्या साधारण दहातल्या सात गाठी दिसतात. कृत्रिम झडपेत त्याहून कमी, कारण धातूची सावली पडते. संशय दाट असेल तर तोंडातून नळी घालून अन्ननलिकेतून इको करतात, तिला टीईई म्हणतात. तीही निगेटिव्ह आली आणि संशय फिटलाच नाही तर ५ ते ७ दिवसांनी पुन्हा करायची असते. उलट बाजूही आहे: इकोत दिसणारी प्रत्येक गाठ जंतूंचीच नसते. जुनी रक्ताची गुठळी, ल्युपसमधली गाठ, झडपेचा तुटलेला दोर हेही तसंच दिसतं.

म्हणून निदान एका तपासणीवर होत नाही. कल्चर, इको, ताप, आधीचा हृदयविकार, नखं-डोळ्यांतल्या खुणा हे सगळं मिळून ड्यूक निकषांनी ठरवतात. १९९४ मध्ये आलेले हे निकष २००० साली आणि पुन्हा २०२३ मध्ये सुधारले गेले. नव्या आवृत्तीत पेट-सीटीलाही जागा मिळाली, कृत्रिम झडपेच्या रुग्णाला त्याचा चांगला उपयोग होतो.

८. तिन्ही कल्चर निगेटिव्ह, पण इकोत गाठ आहे. आमच्याकडे शेळ्या आहेत, त्याचा काही संबंध?

असू शकतो, आणि हा प्रश्न डॉक्टरांनी आपणहून विचारायला हवा. कल्चर निगेटिव्ह येण्याचं पहिलं कारण आधी घेतलेलं अँटिबायोटिक, ते प्रश्न ४ आणि ६ मध्ये आलं आहे. त्यानंतर येतात ते नेहमीच्या बाटलीत सहज न उगवणारे जंतू. ब्रुसेला आणि कॉक्सिएला हे दोन्ही जनावरांकडून येतात. उस्मानाबादी शेळीच्या मुलखात व्यायला आलेल्या शेळीला हात घालणं, गाभडलेल्या शेळीची वार उघड्या हातांनी उचलणं, धारोष्ण दूध तसंच पिणं हे रोजचं आहे. डॉक्टरांना ते सांगा, लाजू नका.

ब्रुसेलाचा संशय असेल तर लॅबला आधी कळवा. दोन कारणं: बाटल्या नेहमीच्या पाच दिवसांऐवजी जास्त दिवस ठेवाव्या लागतात, आणि हा जंतू लॅबमध्ये काम करणाऱ्यालाही लागतो. दोन्ही जंतूंसाठी रक्ताची अँटिबॉडी तपासणी आहे. उपचार वेगळे आणि लांब, महिनोन्‌महिने चालणारे. ब्रुसेलात औषधासोबत झडपेचं ऑपरेशनही बऱ्याचदा लागतं. दूध मात्र उकळलं की काळजी नाही.

९. उपचार किती दिवस? घरी गोळ्या घेऊन नाही का चालणार?

जंतू आणि झडपेवर अवलंबून. पेनिसिलिनला दाद देणारा तोंडातला स्ट्रेप्टोकोकस नैसर्गिक झडपेवर असेल तर शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रियाक्सोन ४ आठवडे. कृत्रिम झडपेवर किमान ६. एन्टरोकोकसला सहसा दोन औषधं मिळून ६ आठवडे. दिवस मोजायला सुरुवात होते ती कल्चर निगेटिव्ह आलेल्या पहिल्या दिवसापासून, दाखल झाल्या दिवसापासून नव्हे. यावरून डिस्चार्जच्या वेळी फार वाद होतात, म्हणून आधीच विचारून घ्या. जेंटामायसिन चालू असेल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) ठरल्या दिवशी तपासलं जातंय ना यावर नातेवाइकांनीही लक्ष ठेवावं. कानात आवाज, चालताना झोक जाणं, हे लगेच सांगावं.

गोळ्यांचं म्हणाल तर डेन्मार्कमध्ये ४०० रुग्णांवर झालेला पोएट नावाचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुरुवातीचे किमान १० दिवस शिरेतून औषध देऊन, ताप उतरलेल्या, स्थिर रुग्णांना पुढचा कोर्स गोळ्यांवर दिला आणि निकाल इंजेक्शनपेक्षा वाईट आले नाहीत. पण ती दोन-दोन औषधांची जोडी होती, जंतू कोणता ते माहीत होतं आणि तपासणी वरचेवर होत होती. कल्चरच झालेलं नाही अशा रुग्णाला मेडिकलवरून गोळ्या देऊन घरी पाठवण्याशी त्याचा काही संबंध नाही.

१०. मुकादमाची उचल घेतलीय, टोळी कारखान्याला निघालीय. सहा आठवडे दवाखान्यात कसं राहायचं?

अडचण खरी आहे, आणि "आरोग्य महत्त्वाचं" म्हणून ती सुटत नाही. डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा, म्हणजे औषध निवडतानाच विचार होईल. पेनिसिलिन दर चार-सहा तासांनी द्यावं लागतं, तेच काम सेफ्ट्रियाक्सोन दिवसातून एकदा करतं. गुंतागुंत होण्याचा धोका पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त असतो, ते मोठ्या रुग्णालयातच काढावेत. पुढे ताप नाही, दम नाही, गाठ मोठी नाही असं असेल तर रोजचं इंजेक्शन ग्रामीण रुग्णालयात घेता येतं. डिस्चार्ज कार्डवर औषध, मात्रा, शेवटची तारीख आणि तपासणीचा दिवस स्पष्ट लिहून घ्या. कारखाना दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर ते कार्ड तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखवा. ऊसतोड मात्र कोर्स संपेपर्यंत नाही. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणं गळक्या झडपेला झेपणारं नाही.

११. ऑपरेशन कधी करतात? आधी जंतू मरू देत, मग करू, असं नाही का?

पूर्वी तसं म्हणत. आता गरज असेल तर अँटिबायोटिक चालू असतानाच करतात. मुख्य कारणं तीन: झडप गळून हृदय निकामी होऊ लागणं, औषध देऊनही संसर्ग आटोक्यात न येणं किंवा झडपेच्या मुळाशी गळू होणं, आणि तुकडा सुटण्याचा धोका. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ आणि एकदा तुकडा सुटून गेलेला असेल तर थांबत नाहीत. रात्री आडवं झोपवेना, बसून राहावं लागतंय, हे लक्षण सकाळच्या राउंडची वाट न पाहता सांगा.

खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. शिधापत्रिका आणि आधार घेऊन अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. नांदेडकडचे लोक हैदराबादला आणि लातूर-धाराशिवचे सोलापूरला जातात. राज्याबाहेर जायचं असेल तर योजना तिथे लागू पडते का ते निघण्याआधीच विचारा, तिथे पोचल्यावर नव्हे.

१२. ताप होता आणि सकाळी अचानक एक बाजू लुळी पडली. लकव्याचं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं ना?

झडपेच्या संसर्गाचा संशय असेल तर नाही, मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका फार असतो. म्हणून १०८ ला फोन करतानाच आणि दवाखान्याच्या दारातच सांगा: "आधीपासून ताप होता, झडपेचा आजार आहे." तरुण माणसाला ताप आणि लकवा एकत्र आला तर कल्चर आणि इको दोन्ही करायलाच हवेत. मोठी नळी बंद असेल तर काही केंद्रांत तारेनं गुठळी ओढून काढता येते.

१३. मला दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू आहे. मग हा आजार मला होणारच नाही ना?

होऊ शकतो. ते इंजेक्शन ऱ्हुमॅटिक ताप परत येऊ नये म्हणून आहे, झडपेवर जंतू बसू नयेत म्हणून नाही. तरीही ते बंद करू नका, त्याचं काम वेगळं आणि मोलाचं आहे. एक बारकावा: सतत पेनिसिलिन घेणाऱ्याच्या तोंडातले जंतू त्याला सरावलेले असू शकतात. दात काढण्याआधी अँटिबायोटिक द्यायचंच असेल तर ते दुसऱ्या गटातलं देतात. दातांच्या डॉक्टरांना हे सांगणं तुमच्या हाती आहे.

१४. दात काढायचा आहे. आधी गोळी घ्यायची का?

सगळ्यांनी नाही. कृत्रिम झडप असेल, हा आजार आधी होऊन गेला असेल, किंवा निळेपणा येणारा जन्मजात दोष असेल तर हिरडी किंवा दाताच्या मुळाशी होणाऱ्या कामाआधी ३० ते ६० मिनिटं अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, एकदाच. मुलांना किलोमागे ५० मिलिग्रॅम. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर सहसा ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम. जन्मजात दोषाचं ऑपरेशन करून कृत्रिम साहित्य बसवलं असेल तर पहिले सहा महिने हाच नियम. फक्त ऱ्हुमॅटिक झडप असलेल्यांना अमेरिकी आणि युरोपीय नियम गोळी सुचवत नाहीत, पण आपल्याकडचे अनेक हृदयरोगतज्ज्ञ देतात. तुमच्या डॉक्टरांचं ऐका.

खरं सांगायचं तर या एका गोळीपेक्षा रोजचं तोंड जास्त मोलाचं आहे. मिश्रीनं, गुटख्यानं सुजलेल्या हिरड्यांतून जेवताना, दात घासताना रोजच जंतू रक्तात जातात. सहा महिन्यांनी दात दाखवा, आणि आठवडी बाजारात पथारी टाकून बसलेल्याकडून दात काढून घेऊ नका.

१५. धातूची झडप आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे आणि ताप आलाय.

दोन-तीन दिवसांचा ताप असला तरी कल्चर आधी, अँटिबायोटिक नंतर. कंबरेत इंजेक्शन घेऊ नका, स्नायूत रक्त साकळतं. अँटिबायोटिक सुरू झालं की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, वरचेवर तपासा, कारण काही औषधं ते वाढवतात. रिफाम्पिसिन उलट इतकं खाली आणतं की गोळीचा डोस बराच वाढवावा लागतो. मग रिफाम्पिसिन थांबल्यावर तोच वाढीव डोस चालू राहिला तर रक्तस्राव होतो. डोस परत कमी करायची ही दुसरी पायरी विसरली जाते.

१६. बायको सहा महिन्यांची गरोदर आहे. उपचार करता येतात का?

येतात, आणि करायलाच हवेत. पेनिसिलिन आणि सेफ्ट्रियाक्सोन गरोदरपणात चालतात. जेंटामायसिन शक्यतो टाळतात, डॉक्सिसायक्लिन देत नाहीत. प्रसूती आणि हृदय दोन्ही विभाग असलेल्या ठिकाणीच दाखल करा.

१७. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणून संधिवाताच्या गोळ्या चालू केल्या, तरी ताप आहेच.

झडपेच्या जुनाट संसर्गातही आरए फॅक्टर पॉझिटिव्ह येतो, तो ड्यूक निकषांत मोजलाही जातो. सांधेदुखी, ताप आणि लघवीत रक्त असं एकत्र असेल तर स्टेरॉइड सुरू करण्याआधी कल्चर करून घ्या. स्टेरॉइडनं ताप दबतो आणि झडप आतून खराब होत राहते.

१८. कल्चरमध्ये स्ट्रेप्टोकोकस गॅलोलिटिकस आला. डॉक्टर आता आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करा म्हणतात. हृदयाच्या आजारात आतडं कशाला?

कारण हा जंतू मोठ्या आतड्यात राहतो आणि आतड्यातल्या गाठी किंवा कर्करोगाशी त्याचं नातं आहे. पोटाचा काही त्रास नसला तरी करून घ्या. पूर्वी याला बोव्हिस म्हणायचे, जुन्या रिपोर्टात ते नाव दिसेल.

१९. कोर्स संपून महिना झाला, पुन्हा कणकण वाटते.

त्याच दिवशी दाखवा. तोच जंतू परतलेला असू शकतो किंवा नवा आलेला, आणि हे फक्त कल्चरवरून कळतं. घरात उरलेली कॅप्सूल घेऊ नका. बाकी पद्धत प्रश्न ५ प्रमाणेच.

२०. ऑपरेशनमध्ये काढलेल्या झडपेचं काय करतात? आणि उरलेली इंजेक्शनं नंतर घ्यायची का?

झडप तपासायला पाठवतात, आणि हे सांगून करून घ्यावं असं आहे. तिचा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीला आणि दुसरा फॉर्मॅलिनशिवाय सूक्ष्मजीवशास्त्राला जायला हवा. सगळीच फॉर्मॅलिनमध्ये बुडवली तर तिच्यातून जंतू उगवत नाही. कल्चर निगेटिव्ह रुग्णात या तुकड्याच्या पीसीआरवरून बऱ्याचदा खरा जंतू कळतो.

इंजेक्शनांचा हिशोब झडपेच्या कल्चरवर ठरतो. त्यात जंतू उगवला तर पूर्ण कोर्स ऑपरेशनच्या दिवसापासून नव्यानं मोजतात. नाही उगवला तर आधीचे दिवस धरून उरलेलेच द्यायचे. नवी कृत्रिम झडप बसवली एवढ्यावरून कोर्स आपोआप ६ आठवड्यांचा होत नाही, मूळ झडपेचाच हिशोब चालतो.